बेथेलचे आम्ही मूळचे कोण? जालन्याच्या जुन्या प्रेस्बिटेरियन मंडळीतली घराणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे पणजोबा जालन्याजवळच्या बेथेलचे, पुढच्या तीन पिढ्या पुण्यात. आजी सांगायची की आपण "ब्राह्मण पाळकसाहेबांबरोबर आलेली माणसं", त्यामुळे घरात सगळे धरून चाललेत की मूळ ब्राह्मण. शिवाय निजामाच्या मुलखात स्कॉटलंडचं चर्च आलं कसं, प्रेस्बिटेरियन म्हणजे नक्की काय, आणि घराण्याचे कागद कुठे मिळतील.

वीसेक वर्षं मी मंडळ्यांची, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या समूहांची, जुनी रजिस्टरं, कबरीचे दगड, शाळांचे दाखले हेच चाळत आलोय, आणि खरं सांगतो, हा ब्राह्मण मुळाचा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. त्यामुळे आधी त्याचंच उत्तर देतो, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आजीचं वाक्य खरं असेल, तुम्ही त्यातून काढलेला अर्थ बहुतेक चुकीचा आहे. "बरोबर आलो" आणि "त्यांच्यातले होतो" ह्या दोन वेगळ्या गोष्टी. ब्राह्मण होते ते पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, रेव्हरंड नारायण शेषाद्री. बेथेलची जुनी घरं बहुतांश मांग समाजातली, जालन्याच्या आसपासच्या खेड्यांतून आलेली. पाळकाचं नाव मोठं झालं, ते छापून आलं, परदेशात गाजलं, आणि मग तीनचार पिढ्यांनी त्या नावाची सावली सगळ्या गावावर पडली, असं झालंय ते.

आता नारायण शेषाद्री कोण ते नीट सांगतो कारण त्यांची गोष्टसुद्धा अर्धीच सांगितली जाते. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला मुलगा. तिथे डॉ. जॉन विल्सन १८२९ पासून होते (विल्सन कॉलेजवाले तेच), रॉबर्ट नेस्बिट होते. १८४३ साली नारायणने बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला, वय बारातेरा असेल, वडिलांनी थेट कोर्ट गाठलं आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला मुलगा, त्याला जातीत परत घ्यायचं का? ह्यावरून मुंबई आणि पुणं पेटलं होतं. बाळशास्त्री जांभेकर, आपले दर्पणकार, ते म्हणाले प्रायश्चित्त द्या आणि घ्या परत, तर त्यांच्यावरच बहिष्काराची पाळी आली. शाळेत बाळशास्त्री शिकतो तेव्हा हे प्रकरण दोन ओळीत येतं आणि त्यात थोरला भाऊ कुठे गेला हे कुणी सांगत नाही. तो थोरला भाऊ पुढे १८५४ मध्ये पाळक म्हणून दीक्षित झाला आणि १८६० च्या दशकात जालन्याला येऊन राहिला.

म्हणजे बघा, एका बारातेरा वर्षांच्या पोराला जातीत परत घेण्यावरून ज्या घराण्याची सगळीकडे चर्चा झाली, त्याच घराण्यातला माणूस वीस वर्षांनी मराठवाड्यात मांगवाड्याच्या दारात बसून बोलत होता. मला स्वतःला बेथेलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते, चर्चची इमारत वगैरे नंतर.

स्कॉटिश कसं, तर त्याचं असं. स्कॉटिश मिशनरी पहिल्यांदा मुंबईत आलेच नाहीत, १८२३ ला कोकणात बाणकोटला आले, मग हर्णै, तिथून पुढे पुणे नि मुंबई. पुण्यात ह्यांचीच शाळा होती जिथे जोतीराव फुले शिकले. तिकडे नागपूरला १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप गेले. जालना ह्याच मिशनची आतल्या बाजूला गेलेली फांदी. जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची, छावणी होती, छावणी म्हणजे इंग्रज अधिकारी, बाजार, रस्ता, थोडंफार संरक्षण. मिशन अशा ठिकाणीच आधी पाय रोवायचं.

आणि १८४३ हेच साल स्कॉटलंडमध्येही फार गाजलंय. तिथे गावच्या चर्चमध्ये पाळक कोण हे तिथला जमीनदार ठरवायचा, म्हणजे आपल्याकडे इनामदाराने देवळाचा पुजारी नेमावा तसं. त्याविरुद्ध चारशेहून जास्त पाळक एकाच वेळी सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले, पगार, घर, इमारत सगळ्यावर पाणी सोडून, आणि फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड झालं. मुंबईचे विल्सन, नेस्बिट सगळे फ्री चर्चकडे गेले. म्हणून जुन्या कागदात तुम्हाला "फ्री चर्च मिशन" दिसेल, १९०० नंतर "युनायटेड फ्री चर्च", १९२९ नंतर "चर्च ऑफ स्कॉटलंड". तिन्ही एकच धागा आहे, घाबरू नका. मी सुरुवातीला दोन वर्षं ह्या नावांच्या घोळात फुकट घालवली, मला वाटायचं तीन वेगवेगळी मिशनं आहेत.

प्रेस्बिटेरियन हा शब्द ग्रीक आहे, अर्थ फक्त "वडील". बिशप नाही, मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार बघतात, त्या बैठकीला सेशन म्हणायचं, आसपासच्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी. गावात आजही म्हातारी माणसं "ते वडील होते" असं म्हणतात तेव्हा ते बाप ह्या अर्थी नसतं, पद असतं! हे मुद्दाम सांगतोय कारण एका कुटुंबाने कबरीवरचं "वडील" वाचून वंशावळीत एक अख्खी पिढी चुकीची लावली होती, चुलत आजोबांना पणजोबा करून टाकलं.

तर बेथेल. जालना शहरापासून थोड्या मैलांवर निजामाच्या दरबाराकडून जमीन मिळाली, सर सालारजंग दिवाण असताना, आणि ती नारायण शेषाद्रींच्या खटपटीने. तिथे त्यांनी नवीन गावच वसवलं. आखून काढलेले रस्ते, घरं, विहीर, शाळा, मधे उपासना मंदिर. का वसवलं ह्याचं कारण फार साधं आहे. मांगाने बाप्तिस्मा घेतला की गावकी तुटायची. दोर वळणं, दावी, केरसुण्या, लग्नात हलगी, रात्रीची राखण ही त्याची कामं, त्यावर बलुतं मिळायचं. आता त्याने जत्रेत वाजवणार नाही म्हटलं, की बलुतं बंद, पाणी तर आधीपासूनच बंद होतं. शिवाय स्वतःची भावकीही बोलेना. अशा माणसाला नुसतं "देव तुझ्यावर प्रेम करतो" सांगून भागत नाही, त्याला राहायला जागा नि कसायला जमीन लागते.

नावही विचार करून ठेवलंय. याकोब घरातून पळालेला, रात्री उघड्यावर धोंडा उशाला घेऊन झोपला, सकाळी त्या जागेला बेथेल म्हणाला, देवाचं घर. गावकुसाबाहेर जन्म काढलेल्या माणसांच्या वस्तीला ह्याच्याइतकं चपखल नाव सापडणं अवघड.

आता जरा कडू. बेथेलबद्दल छापील जे आहे ते बरंचसं परदेशी वर्गणीदारांसाठी लिहिलेलं, त्यामुळे सगळं गोडगोड. पण जमीनदाराचा हुकूम नको म्हणून ज्या चर्चने स्कॉटलंडमध्ये सगळं सोडलं, त्याच चर्चच्या ह्या गावात जमीन मिशनच्या हातात, शाळा मिशनची, दवापाणी मिशनचं, नोकरी मिशनची. म्हणजे पाळक हा पाळकही आणि एका परीने पाटीलही. भांडण झालं तर दाद मागायची कुणाकडे? नारायण शेषाद्रींच्या हयातीत हे त्यांच्या वजनावर चालून गेलं. १८७३ ला ते न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या मोठ्या परिषदेत पागोटं घालून इंग्रजीत बोलले तेव्हा तिकडचे लोक थक्क झाले होते, पैसे उभे करण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. १८९१ मध्ये अमेरिकेहून परत येताना बोटीवरच वारले. त्यानंतरच्या पिढ्या शिकून मास्तर, नर्स, रेल्वे, पोलीस अशा नोकऱ्या धरून बाहेर पडत गेल्या. तुमचे लोक पुण्यात आले ते असेच आले असणार. गाव सोडलं म्हणून मंडळी सोडली असं मात्र नसतं, लग्नं कित्येक वर्षं त्याच पाचपंचवीस घरांत होत राहतात, आणि म्हणून बेथेल, जालना, पुणे, मुंबई ह्या मंडळ्यांची रजिस्टरं एकत्र वाचावी लागतात, एकट्या बेथेलचं वाचून काही कळणार नाही.

दुष्काळाचंही ध्यानात ठेवा. १८७६ ते १८७८ चा मोठा, आणि मग १८९९-१९०० चा छप्पनचा (विक्रम संवत १९५६ वरून). मिशनकडे अनाथ पोरं आली ती ह्या दोन खेपेला जास्त. तुमच्या घराण्यातलं कुणी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेलं असेल तर जात, गाव, आडनाव सगळंच त्या फाटकाशी थांबलेलं असू शकतं. पोर पाचसहा वर्षांचं असेल तर त्याला गावाचं नावही सांगता येत नसे, मग मिशनमध्ये जे ठेवलं ते नाव. मी अशा दोन कुटुंबांना स्पष्ट सांगितलंय की ह्याच्या मागे आपल्याला जाता येणार नाही. वाईट वाटतं, पण खोटी वंशावळ करून देण्यापेक्षा बरं.

आडनावाकडे येतो कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. मंडळी आधीची आहे, आडनाव नंतरचं. जुन्या नोंदीत नुसतं "लक्ष्मण, बायको सगुणा, मुलगा याकोब" एवढंच असतं. मग मुलाचा मुलगा शाळेत जातो तेव्हा मास्तर आडनाव विचारतो, आणि कुणी आजोबाचं नाव सांगतं, कुणी गावाला कर लावतं, कुणी कुळातलं गायकवाड, साळवे, जाधव सांगतं. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी मी स्वतः पाहिलीत, एक शलमोन लावतो, दुसरा साळवे. आणि गायकवाड-जाधव ही आडनावं मराठ्यांत, महारांत, मांगांत, ख्रिस्ती लोकांत सगळीकडे आहेत, त्यावरून जात काढणं म्हणजे निव्वळ अंदाज. नेटवर आडनावाचा इतिहास सांगणारे जे आहेत त्यांच्याकडे कृपया जाऊ नका.

कागद कुठे, तर मी शोधतो तो क्रम सांगतो, पण हा काही नियम नाही.

सगळ्यात आधी शाळा. पणजोबा किंवा आजोबा ज्या शाळेत गेले तिथला प्रवेश निर्गम उतारा काढा. तिथे एक गंमत दिसेल, चर्चमध्ये "योहान" आणि शाळेत "ज्ञानू, हिंदू मांग". लोक म्हणतात खोटं लिहिलंय, पण कधी मास्तरने विचारलंच नसतं, कधी बापाने मुद्दाम तसं लिहिलेलं असतं, आणि १९५० नंतर तर ह्याला कायद्याचंही कारण आहे, कारण अनुसूचित जातीच्या सवलती धर्मांतरित ख्रिस्ती माणसाला मिळत नाहीत. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना ओबीसीत धरतात. त्यामुळे एकाच घरात एका भावाचा दाखला हिंदू मांग आणि दुसऱ्याचा ख्रिश्चन, हे अजिबात विचित्र नाही. आणि हा कागद हातात आला की ब्राह्मण मुळाची चर्चा आपोआप मिटते. हा विषय घरात नाजूक असेल तर कुणालाही तो कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू देऊ नका, आधी घरातल्या मोठ्यांशी बोला.

दुसरं मंडळीची रजिस्टरं. बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि सभासदांची यादी. प्रेस्बिटेरियन पद्धतीत लहान मुलांचाही बाप्तिस्मा होतो, पण प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर नि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, बसायचा हक्क मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर. म्हणून एकच माणूस दोनदा सापडतो, एकदा तान्हं बाळ म्हणून आणि एकदा सतरा-अठराव्या वर्षी. दोन्हीतली गावं, बापाची नावं ताडून बघा. आणि सेशनचं कार्यवृत्ताचं बुक कुठे जिवंत असेल तर ते सोनं आहे. त्यात कोण दारू पिऊन आला, कुणी मुलीचं लग्न गावच्या रितीने लावलं म्हणून प्रभुभोजनापासून थांबवला, कुणी रविवारी शेतात गेला, कुणाची सून माहेरी निघून गेली, सगळं येतं. पहिल्यांदा वाचताना लोकांना राग येतो. पण माझ्या अनुभवात बायकांची नावं सगळ्यात जास्त ह्याच बुकात सापडतात, बाकी ठिकाणी त्या फक्त "अमक्याची बायको" असतात.

रजिस्टर बघायला गेलात तर पाळकांना आधी फोन करून, पत्र घेऊन जा, आणि तिथेच बसून मोबाईलवर फोटो काढा. बाहेर झेरॉक्सला न्यायचं नाव काढू नका. एका मंडळीत माझ्याआधी कुणीतरी जुनं दफन रजिस्टर "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेलं ते गेलंच, पन्नासेक वर्षांच्या मयताच्या नोंदी, आता फक्त दगड उरलेत आणि त्यातले निम्मे पुसलेत.

तिसरं जमीन. बेथेल निजामाच्या राज्यात, त्यामुळे मुंबई इलाख्याच्या दफ्तरात शोधून उपयोग नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्यात वाढलेल्यांसाठी सांगतो, १९५४ चं खासरा पत्रक, त्याआधीची पहाणी पत्रकं, सेतवार हे जमिनीच्या नोंदींचे शब्द लक्षात ठेवा आणि तहसील नि भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. निजामकाळातलं जुनं फारसीत, नंतरचं बरंच उर्दूत, वाचून देणारी माणसं जालना-संभाजीनगरकडे मिळतात, पैसे घेतात पण काम नीट करतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन कागद मोठ्या प्रमाणात बाहेर काढले गेले, बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन करून ठेवलेत, त्यात तुमच्या गावाची पानं सहज चाळून होतील, नोंद कुणबीच असली पाहिजे असं थोडंच आहे.

चौथं ज्ञानोदय. हे १८४२ ला अहमदनगरला निघालेलं मासिक, तसं अमेरिकन मराठी मिशनचं, पण सगळ्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या बातम्या त्यात यायच्या. मयताच्या बातम्या बघा. १८५५ ला फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईंचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ह्याच ज्ञानोदयात छापून आला. तो वाचाच, वंशावळीसाठी नाही, तुमच्या पणजोबांच्या आजोबांनी गावकी का सोडली असेल हे त्या चौदाएक वर्षांच्या पोरीने जितकं नीट सांगितलंय तितकं कुठल्या मिशन रिपोर्टात नाही.

परदेशातलं सगळ्यात शेवटी. फ्री चर्च मिशनचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे. इथे लोक हमखास चूक करतात, प्रेस्बिटेरियन म्हटलं की अमेरिकेला मेल पाठवतात. कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोली ह्या पट्ट्यातली प्रेस्बिटेरियन घराणी अमेरिकन, तिथे रॉयल वाइल्डर १८५२ ला आले आणि १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते काम घेतलं, मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल त्याच बोर्डाचं. त्यांचे कागद फिलाडेल्फियाला, प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. नगरची घराणी तर मुळात प्रेस्बिटेरियनच नाहीत, काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतःच बघणारी. आज सगळे बहुतांश सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), १९२४ ला एकदा एकत्र आले आणि मग १९७० ला नागपूरला सीएनआय झालं, त्यामुळे नातवंडांना फरकच माहीत नसतो. तुमचं घर जालन्याचं म्हणजे एडिंबरो, एवढं पक्कं धरा. आणि अपेक्षा कमी ठेवा, तिथल्या पत्रांत मिशनऱ्यांची, पाळकांची नावं भरपूर, तुमच्या पणजोबांचा उल्लेख "वन मांग कन्व्हर्ट" एवढाच निघू शकतो. पण साल, गाव आणि त्या माणसाचा कामधंदा जुळला तर तोच माणूस हे ओळखता येतं, मी तीनदा असं जुळवलंय.

आजी गेल्या म्हणता, पण आत्या आहेत ना अजून, ऐंशीच्या पुढे? मग हे सगळं राहू दे, आधी त्यांच्याकडे जाऊन या. "आपण मूळचे कोण" असं थेट विचारू नका, त्यावर तेच ब्राह्मण पाळकसाहेबांचं उत्तर येईल. त्याऐवजी विचारा की लहानपणी इस्टरच्या पहाटे दफनभूमीत गेलं की आपल्या घरची माणसं कुठकुठल्या कबरींवर फुलं आणि मेणबत्ती ठेवायची, एकेका कबरीपाशी कोण रडायचं, आणि कुठल्या कबरीपुढून न थांबता पुढे जायची. फोन रेकॉर्डिंगवर ठेवा आणि मधे बोलू नका.